दलदलीचे भागधारक

गुंतवणूकवाल्या बाई दुपारी येणार होत्या आणि सकाळपासून घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला शांत राहायला सांगत होता. दादाने दाढी करताना हनुवटी कापून घेतली. वहिनींनी बैठकीतल्या खुर्च्या पुन्हा पुन्हा हलवल्या आणि शेवटी होत्या तिथेच आणून ठेवल्या. धाकटी दवाखाना बंद ठेवून आली होती. ती दातांची डॉक्टर. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते तिला छान जमायचं, पण आज तिचा स्वतःचाच जबडा आवळला गेला होता. एकटा मधला तेवढा खुशीत होता, कारण आजचा दिवस त्याचा होता.

मधल्याला घरात सगळे तज्ज्ञ म्हणत. हे नाव धाकटीने ठेवलं होतं, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे त्याने कधी खोलात जाऊन तपासलं नव्हतं. शहरातल्या एका मोठ्या फंडाच्या कचेरीत तो कामाला होता. कुठे नदी आटली, कुठे मासे संपले, कुठल्या खोऱ्यातून मधमाश्या नाहीशा झाल्या, की त्यामुळे कोणत्या कंपनीचं काय बिघडेल आणि तिच्यात पैसे घालणाऱ्यांना कसा फटका बसेल, हे सांगायचा त्याला पगार मिळायचा. "बेडूक मेला की भागधारक रडतो, हे याने शोधून काढलंय," असं धाकटी लोकांना सांगायची. तज्ज्ञही हसायचा. शाळा सोडल्यापासून आपण खरा बेडूक पाहिलेला नाही, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

आजोबांनी डोंगरउतारावरच्या झऱ्याखाली सोड्याचा कारखाना काढला होता, तो आता दादा चालवत होता. लिंबाचा सोडा, आल्याचा सोडा, आणि सालीचा एक कडवट सोडा, जो फक्त म्हाताऱ्यांना आवडायचा. नवी यंत्रं घ्यायची तर बाहेरचा पैसा हवा होता. बाईंचा फंड कंपनीत हिस्सा घ्यायला तयार झाला होता, पण त्याआधी त्यांना एक अहवाल हवा होता: तुमचं पाणी कुठून येतं, ते किती भरवशाचं आहे, आणि आजूबाजूच्या निसर्गाचं काय चाललंय. दादाने तो मजकूर वाचला आणि तज्ज्ञाकडे सरकवला. "हे तुझ्या भाषेत आहे," तो म्हणाला.

तज्ज्ञाने अहवाल कचेरीतल्या खुर्चीत बसून लिहिला. इथे यायची गरजच काय होती? उपग्रहाचे फोटो होते, ते वाचणारी संगणकप्रणाली होती, आणि ती प्रणाली बसवणाऱ्या समितीत तो स्वतः होता.

"ते वाचून दाखव ना पुन्हा," दादा म्हणाला.

तज्ज्ञाने घसा साफ केला. "'कारखान्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पाणथळ क्षेत्रात गेल्या वर्षभरात जलसाठ्याची लक्षणीय वाढ आढळून येते.'"

"लक्षणीय," दादा वहिनींकडे बघून म्हणाला, जणू ती वाढ त्यानेच केली होती.

वहिनी खुर्चीच्या पाठीवर नसलेली धूळ पुसत राहिल्या.

तेवढ्यात पायऱ्यांवरून आत्या आली. तिच्या आधी नेहमी तिच्या गुडघ्यांची तक्रार आत यायची, तशी ती आली, आणि मागून ती स्वतः. आजोबांनी कारखाना मुलाला दिला होता, म्हणजे या तिघांच्या वडिलांना. मुलीला मिळाली ती कारखान्याच्या वरची दलदल. 'आत्याची इस्टेट' हा या घरातला सगळ्यात जुना विनोद. चार माणसं जमली की कुणीतरी विचारायचंच, "काय आत्या, यंदा इस्टेटीत काय पिकलं? डास की चिखल?" आत्याही हसायची. इतकी वर्षं हसत आली होती, की ते हसणं खरं आहे का हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"काय वाढलं म्हणतोस?" आत्याने विचारलं.

"पाणी. तुझ्या इस्टेटीत. जवळजवळ दुप्पट झालंय."

आत्या बसता बसता थांबली. "माझ्याकडे?"

"उपग्रहातून स्पष्ट दिसतं."

"काय काय दिसतं रे त्या उपग्रहाला?"

"सगळं," तज्ज्ञ म्हणाला.

आत्या पुन्हा सरळ उभी राहिली. "चल. मला तुझ्याशी बोलायचंय. वर चल."

"आत्ता? आणि तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना मी समजावते. तू चल."

कारखान्याच्या मागून पाऊलवाट चढत जायची. आत्या पुढे, एक हात मांडीवर दाबत. तज्ज्ञ मागे, चकचकीत बूट सांभाळत. वळणावर तो थांबला.

लहानपणी जिथे लव्हाळ्यात त्याची एक चप्पल रुतली होती आणि कधीच निघाली नव्हती, तिथे आता मातीचा लांबलचक ढिगारा होता. ढिगाऱ्यावर, त्याच्या उतारावर, पार पलीकडच्या झाडांपर्यंत निळी ताडपत्री अंथरली होती. वारा आला की ती हलकेच फुगायची आणि बसायची. खरं सांगायचं तर देखणी दिसत होती.

"हा तुझा जलसाठा," आत्या म्हणाली.

तज्ज्ञाने थोडा वेळ उपग्रहाच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला. निळं होतं. पसरट होतं. उन्हात चकाकत होतं. वर्षभरात लक्षणीय वाढलंही असणार. प्रणालीची काही चूक नव्हती, असं त्याच्या मनात आलं, आणि आपण अजून प्रणालीची बाजू घेतोय हे लक्षात येऊन त्याला स्वतःची लाज वाटली.

"पलीकडे रस्त्याचं काम चाललंय," आत्या सांगू लागली. "कंत्राटदाराला माती टाकायला जागा हवी होती. भाडं देतो. आता म्हणतो सगळीच जागा विकत घेतो, सुट्टीला येणाऱ्यांसाठी छोटी छोटी घरं बांधतो. मी तुला वर का आणलं? तुझ्या अहवालात पाणी वाढलंय म्हणून लिहिलंस. ते त्याच्या कानावर गेलं तर तो भाव पाडेल. पाण्याखालची जमीन कोण घेईल? तेवढं काढून टाक बाबा."

"आत्या, लव्हाळी कुठे गेली?"

"खाली आहे. मातीखाली."

"आणि बेडूक?"

"मला सांगून नाही गेले." ती ढिगाऱ्याच्या कडेला एका दगडावर बसली. "असा बघू नकोस माझ्याकडे. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. भाजीची पिशवी घेऊन चढते तेव्हा प्रत्येक मजल्यावर थांबावं लागतं. मला लिफ्टचं घर हवंय. लिफ्ट आणि बाल्कनी. एवढं मागणं काय जास्त आहे? आणि तुमच्या त्या विनोदाचे कुणीतरी पैसे देतोय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?"

तज्ज्ञाला आठवत होता तो पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाचा बीअरचा एक कारखाना. त्याच्याही वर अशीच दलदल होती, आणि तीही भरून टाकली होती. त्यावर त्याने सविस्तर लिहिलं होतं. पावसाचं पाणी लव्हाळ्यांच्या मुळांशी थांबतं, गाळ खाली बसतो, शिंपले आणि गोगलगायी उरलेलं साफ करतात, आणि मग ते थंड, नितळ होऊन हळूहळू झऱ्याला मिळतं. हे सगळे फुकटात राबणारे जीव काढून टाका, की पाणी गढूळ होणार, शेवाळ माजणार, आणि माल फुकट जाणार. गुंतवणूकदारांना त्याने वेळेवर सावध केलं होतं. त्याबद्दल कचेरीने त्याला काचेचं एक मानचिन्ह दिलं होतं. ते त्याच्या टेबलावर होतं आणि त्यात बघून तो अधूनमधून भांग नीट करायचा.

खाली आला तेव्हा जेवायची पानं घेतली होती. दादाने सगळ्यांसमोर पेले मांडले आणि लिंबाच्या सोड्याची बाटली उघडली. "आज आपण आधी चाखायचा. मग बाई."

तज्ज्ञाने घोट घेतला. आधी लिंबू आलं, मग साखर. आणि मग, सगळे उठून गेल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यासारखा, ओल्या तळघराचा वास मागे राहिला.

"आहा," दादा डोळे मिटून म्हणाला. "बाबांच्या वेळची चव. हे पाणीच वेगळं आहे."

तज्ज्ञाने आजूबाजूला पाहिलं. धाकटीने पेला ओठांना लावला आणि न पिता खाली ठेवला. आत्या पेल्यात बघत होती. वहिनी पाव आणायला म्हणून उठल्या, आणि पाव तर टेबलावरच होता.

घरात दादाच्या नाकाला मान होता. लिंबांची पेटी उघडण्याआधीच तो सांगायचा की तळातली दोन सडलीत. वडील गेल्यावर कारखाना त्याच्याकडे गेला तो थोरला म्हणून नव्हे. त्या नाकाकडे गेला. तज्ज्ञाला शाळेत वरचा नंबर मिळायचा तेव्हासुद्धा वडील म्हणायचे, "हुशार आहे, पण नाक नाही."

तो उठून स्वयंपाकघरात गेला. "वहिनी, हे काय आहे?"

वहिनींनी नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको. "तुम्हाला वास आला ना?"

"चिखलाचा."

"बरं झालं. मला वाटायला लागलं होतं माझंच डोकं फिरलंय."

"आणि दादाला?"

"त्यांना गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणापासून कसलाच वास येत नाही. दूध करपलं तरी शेजारी उभे राहतात. त्यांना वाटतं मला कळलेलं नाही." त्या ओट्याला टेकल्या. "पाणी बिघडत गेलं तसं मी लिंबाचा अर्क वाढवत नेला. दर खेपेला थोडा जास्त. दोन हॉटेलांनी माल घेणं बंद केलं, तर मी यांना सांगितलं की तीच माणसं वाईट, आपणच सोडलं. काय करू? 'अहो, तुमचं नाक गेलं' असं कसं सांगायचं या घरात?"

मागे धाकटी उभी होती. "म्हणजे फक्त माझ्याच बाटलीला वास नव्हता तर."

"तुलाही माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे. या घरात जे सगळ्यांना माहीत असतं तेच कुणी बोलत नाही." ती आवाज खाली आणून म्हणाली, "ऐका. आज सह्या होऊ दे. मला माझा हिस्सा विकून दुसरा दवाखाना काढायचाय. मग सांगू दादाला. सावकाश."

आत्याही आत आली. "माझंही तेच म्हणणं आहे. आज गप्प राहा. मग मी माझी जागा विकते आणि मोकळी होते."

"कुठली जागा?" धाकटी म्हणाली.

तज्ज्ञाने ताडपत्रीची हकिकत सांगितली. धाकटीचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला. क्षणापूर्वी आत्या तिच्या बाजूची होती. "आत्या! तू ते विकलंस तर पाणी उरलंसुरलं तेही जाईल. माझा हिस्सा शून्य!"

"आणि नाही विकलं तर माझे गुडघे शून्य."

"भांडू नका," वहिनी म्हणाल्या. "बाहेर ऐकू जातंय."

तिघी तज्ज्ञाकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच घरातल्या बायका त्याच्याकडे उत्तर मागत होत्या. तो म्हणाला, "मी... 'हंगामी चढउतार' असं लिहू शकतो."

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्यात थोडाफार फरक पडतो, पण काळजीचं कारण नाही."

"खरं आहे का ते?"

"नाही."

"दुसऱ्याच्या अहवालात तू हे वाचलं असतंस तर?" धाकटीने विचारलं.

"लाल शेरा मारला असता."

असं म्हणूनही त्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून संगणक उघडला आणि 'हंगामी' हा शब्द टाइप केला. मग 'स्थानिक स्वरूपाचा'. मग 'व्यवस्थापनाच्या लक्षात आलेला'. भ्याडपणाला चांगली भाषा लागते, आणि ती त्याच्याकडे भरपूर होती. इतकी वर्षं ज्या कंपन्यांच्या नावाने तो बोटं मोडत आला होता, त्यांच्याही कुठल्यातरी स्वयंपाकघरात असाच कुणी मधला भाऊ स्टुलावर बसलेला असेल, असं त्याच्या मनात आलं. याआधी त्याला ते लोक नेहमी लबाड वाटायचे. घाबरलेले असतील हे सुचलं नव्हतं.

बाई आल्या त्या चालायचे जाड बूट घालून. ते बूट बघूनच तज्ज्ञाला कळलं, की या वर जाणार.

त्या ठेंगण्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि समोरच्याला बोलू देणाऱ्या होत्या. दादाने त्यांना कारखाना दाखवला. त्यांच्यासाठी म्हणून सुट्टीच्या दिवशीही यंत्र चालू ठेवलं होतं. बाटल्या खणखणत पुढे सरकत होत्या. बैठकीत आल्यावर त्या म्हणाल्या, "अहवाल चांगला लिहिलाय. आता तेवढं ते पाणी बघू या, वरचं."

"चला की!" दादा उठलाच. "मी स्वतः आजारपणानंतर वर गेलो नाही. मलाही बघायचंय."

"ऊन फार आहे," धाकटी म्हणाली.

"मॅडम, वाट फार खराब आहे," वहिनी म्हणाल्या.

"पाय घसरतात," आत्या म्हणाली, आणि पुरावा म्हणून गुडघा चोळला.

"तरी बरं, बूट घालून आलेय," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी तज्ज्ञाकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर संगणक होता आणि संगणकात 'हंगामी' होतं. दादा दारात चपला घालत उभा होता, हनुवटीवर कापसाचा तुकडा, चेहऱ्यावर लहान मुलाची उत्सुकता. हा माणूस आता वर जाणार आणि एका परक्या बाईसमोर ते निळं बघणार.

"दादा, थांब," तज्ज्ञ म्हणाला. "मॅडम, वर पाणी नाहीये. ताडपत्री आहे."

"काय आहे?"

"ताडपत्री. निळी. खाली मातीचा भराव आहे. अर्धी दलदल त्याखाली गेलीय. मी फोटोवरून पाणी समजलो. मी इथे आलोच नव्हतो. माझंच घर आहे, पण आलो नाही."

बाईंनी पिशवीतून अहवाल काढला, फोटोवर बोट ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "आमच्याकडेही हे पाणी म्हणूनच नोंदलंय," त्या शेवटी म्हणाल्या. "दोघांनी तपासून सह्या केल्यात. त्यातली एक माझी."

दादा दारातच उभा होता. एक चप्पल पायात, एक हातात. "मग झऱ्याचं पाणी कसं आहे?"

उत्तराची वाट न बघता तो परत आत आला, टेबलावरची अर्धी बाटली पेल्यात ओतली आणि नाकाशी धरली. त्याने वहिनींना विचारलं नाही, तज्ज्ञालाही नाही. तो धाकटीकडे वळला. "याला वास येतो का गं?"

धाकटीने आत्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. दुसरा दवाखाना तिच्या डोळ्यांसमोरून जाताना तज्ज्ञाला जवळजवळ दिसला. "येतो, दादा," ती म्हणाली. "चिखलाचा. बरेच महिने झाले."

दादा खाली बसला. "आणि मी इतके दिवस समजत होतो, की मी कुणाला कळू देत नाहीये."

"मलाही तसंच वाटत होतं," वहिनी म्हणाल्या. "की मी तुम्हाला कळू देत नाहीये."

तो त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला हसू आलं. फार नाही, खांदे हलण्यापुरतं. वहिनींनाही आलं, आणि त्यांनी ते पदराने पुसलं. मग दादा उठून कारखान्यात गेला. थोड्या वेळाने बाटल्यांची खणखण थांबली. झऱ्याचा व्हॉल्व्ह बंद करून तो हात पुशीत परत आला आणि म्हणाला, "मॅडम, हा माल मी बाजारात पाठवणार नाही. चहा घ्या. चहाला शहराच्या नळाचं पाणी वापरलंय."

बाईंनी चहा घेतला. "स्पष्टच सांगते. आज मी पैसे घालू शकत नाही. पाणी गेलं तर तुमच्याकडे उरतं काय? जुनी यंत्रं आणि जुनं नाव. पण भराव निघाला, ती दलदल कंपनीच्या मालकीची झाली, आणि पुन्हा कुणी विकू शकणार नाही अशी सोय केलीत, तर पाणी सुधारल्यावर मी नक्की येईन."

"एक मिनिट," आत्या म्हणाली. "मला जरा समजू द्या. पाणी नसेल तर या कारखान्याची किंमत काय?"

"फारशी नाही."

"आणि पाणी येतं माझ्या चिखलातून."

"हो."

"म्हणजे इतकी वर्षं ही सगळी मंडळी ज्याला हसत होती, तोच खरा कारखाना. आणि खाली जे आहे ते नुसतं बाटल्या धुवायचं सामान?"

"तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," तज्ज्ञ सवयीने बोलून गेला. धाकटीने टेबलाखालून त्याला लाथ घातली, पण उशीर झाला होता.

आत्याने पाय लांब केले. आज पहिल्यांदाच तिचे गुडघे गप्प होते. "मग मला अर्धी कंपनी हवी. दलदल तुमची, अर्धा हिस्सा माझा. आणि लिफ्टचं घर."

"अर्धी?" दादा ओरडला.

"बरं. कंत्राटदाराला फोन करते."

"दादा, दे तिला," धाकटी घाईने म्हणाली. ती पुन्हा बाजू बदलून आत्याकडे गेली होती. "माझा हिस्सा छोटा झाला तरी चालेल. काहीतरी असलेल्याचा छोटा हिस्सा बरा. आत्ता माझ्याकडे आहे तो शून्याचा हिस्सा."

"देऊ," वहिनी म्हणाल्या, आणि आजवर न ऐकलेल्या आवाजात पुढे म्हणाल्या, "पण आत्या, माती तुम्ही टाकू दिलीत. ती उचलायचा खर्च तुमच्या हिश्श्यातून. कंत्राटदाराचं भाडंही परत. आणि घराला लिफ्ट मिळेल, बाल्कनीचं पुढच्या वर्षी बघू."

आत्या त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. "ही इतकी वर्षं कुठे होती?"

"खुर्च्या पुसत होते," वहिनी म्हणाल्या.

बाई चहा संपवून उठल्या. दारात त्यांनी तज्ज्ञाला विचारलं, "तुमच्या कचेरीत हे सांगणार आहात ना?"

त्याने सांगितलं. जुने फोटो काढून पुन्हा तपासले गेले, आणि आणखी बऱ्याच कंपन्यांची तळी म्हणजे निळ्या पत्र्याची छपरं, पोहायचे तलाव आणि एका ठिकाणी तर टेनिसचं मैदान निघालं. समितीतून त्याचं नाव वगळलं गेलं. आता त्याला प्रत्यक्ष जागेवर पाठवू लागले. पाय दुखायचे आणि बूट खराब व्हायचे.

भराव सगळा निघाला नाही. खालचा थर दलदलीने गिळला होता, तो तसाच राहिला. तो अख्खा हंगाम कारखाना बंद होता. निम्म्या कामगारांनी दुसरीकडे कामं धरली आणि त्यातले काही परत आले नाहीत. आत्याला लिफ्टचं घर मिळालं. अर्ध्या कंपनीची मालकीण म्हणून ती बैठकीला पहिली येऊन बसायची आणि दादाला "जरा मोठ्याने बोल" म्हणायची. लव्हाळी एका कडेने उगवू लागली होती. बाईंचे पैसे अजून आले नव्हते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तज्ज्ञ यायचा, कारण दादाने त्याला बोलावलं होतं. धाकटीच्या नाकात कायम दवाखान्यातल्या औषधांचा वास बसलेला, वहिनींना अर्काच्या वासाचा वीट आलेला. उरला तो. हौदाच्या काठावर दोघे बसायचे. दादा झऱ्याचं पाणी पेल्यात धरायचा.

"डोळे मीट. गिळू नकोस. जिभेखाली धर आणि नाकाने श्वास सोड."

"थोडासा..."

"थोडासा, अंदाजे, साधारण, काही नको. कशासारखा ते सांग."

तज्ज्ञाने आणखी एक घोट तोंडात घोळवला. "पाटी पुसल्यावर यायचा ना, तसा. ओल्या पाटीचा."

"ओली पाटी," दादा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "ती आठवते मला. गेल्या खेपेला काय म्हणाला होतास?"

"ओलं पोतं."

"मग उतरतोय." त्याने पेला काठावर ठेवला, खिशातून एक लिंबू काढलं आणि नखाने साल ओरबाडली. आपल्या नाकाशी धरलं, थांबला, मान हलवली आणि ते तज्ज्ञापुढे केलं. "हे सांग. हे मला आठवतच नाहीये. कितीदा प्रयत्न केला."

"लिंबू... आंबट असतं."

"आंबट ही चव झाली, गाढवा. वास सांग."

तज्ज्ञाने लिंबू घेतलं आणि डोळे मिटले. वरून, दलदलीच्या अंगाने, गार वारा येत होता. दादा गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसला. तज्ज्ञाने लांब श्वास घेतला, मग आणखी एक, आणि शब्द शोधत राहिला.